फटीतलं कुंकू

मित्रांनो, ज्याच्यावर तुम्ही दुकानाच्या किल्ल्या, खोकल्याच्या औषधाची बाटली आणि कधी कधी गरम चहाचा पेलासुद्धा बिनदिक्कत ठेवता, तो जुना टेपरेकॉर्डर मी. वांकिडीच्या बसथांब्यासमोरच्या दुकानात, वरच्या फळीवर, निळ्या दोऱ्याचा मोर काढलेल्या कापडाखाली माझा मुक्काम आहे. माझ्यातून आता आवाज निघत नाही. आतला रबरी पट्टा विरघळून गुळासारखा चिकट झाला आहे. पण ऐकलेलं सगळं आठवतं, आणि म्हाताऱ्याला सांगायची हौस असतेच.

आधीच सांगून ठेवतो, मी विमानातून आलेला आहे. हसू नका. ज्या काळात चंद्रपूरला जाऊन आलेल्या माणसालाही गावात चार लोक मानानं बसवून घ्यायचे, त्या काळात मी ढगांच्या वरून आलो. एवढी मिरवणूक माझ्या बिरादरीत फार थोड्यांच्या नशिबी आली.

माझा जन्म मुंबईजवळच्या एका कारखान्यात झाला. पांढऱ्या टोप्या घातलेल्या मुलींनी माझ्या तारा जोडल्या. माझ्यात एक नवी गंमत होती, आणि तिच्यापायीच हे सगळं घडलं, म्हणून नीट ऐका. माझ्या कुशीला एक छोटं सरकतं बटण आहे. ते सरकवलं की मी इतर टेपांसारखा उगाच फिरत राहत नाही. लाल कळ दाबून ठेवली तरी मी गप्प बसून कान देतो. जवळ कोणी बोललं की आपोआप जागा होतो आणि बोलणं टिपतो. बोलणं थांबलं की पुन्हा झोपतो. पट्टी वाया जाऊ नये म्हणून ही युक्ती. त्यामुळे माझ्यात माणसांचं बोलणं तेवढं राहतं, मधली शांतता गळून जाते. ती पळभराची असो की अख्ख्या दुपारची, मला दोन्ही सारख्याच.

त्या वर्षीच्या दसऱ्याला, एकाच सकाळी, साऱ्या देशातल्या दुकानांत पडदा ओढून आम्हाला लोकांपुढे आणायचं असं कंपनीनं ठरवलं होतं. जाहिराती छापून झाल्या आणि माल मात्र तयार होईना. पावसानं घात केला होता. रस्त्यानं पाठवावं तर दसरा निघून जाणार. शेवटी मालकानं कपाळाला हात लावला आणि दुकानदारांना दाखवायचे नमुने विमानात घातले. बाकीचा माल आणि आमच्या माहितीपुस्तिका ट्रकनं मागून येणार होत्या. म्हणजे मी आधी पोचलो आणि मला वापरायचं कसं हे सांगणारं पुस्तक मागं राहिलं. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

विमानाच्या पोटात खिडकी नसते. तिथं थंडी होती, अंधार होता आणि एक अखंड घरघर होती. आम्ही थर्माकोलमध्ये गच्च बसलो होतो. आमच्या शेजारी एक लांबट लाकडी पेटी होती. तिच्यावरही आमच्यासारखाच बाण काढलेला होता, ही बाजू वर ठेवा म्हणून. ती हलवताना हमाल एकमेकांशी बोलले नाहीत आणि आमच्यासारखं तिला ढकललंही नाही. हैदराबादला बेगमपेटच्या विमानतळावर उतरल्यावर एक बाई त्या पेटीवर हात ठेवून उभी राहिली. तेव्हा मला कळलं की त्या पेटीतलं माणूस घरी चाललं होतं. तो हात मी विसरलो नाही.

मला घ्यायला सुधाकरराव आले होते. वांकिडीत रेडिओ दुरुस्तीचं त्यांचं छोटं दुकान. सडपातळ, हसरा, बोटांना सदा तारा जोडायच्या राळेचा वास. दसऱ्यापर्यंत खोका उघडायचा नाही, असं त्यांना बजावून सांगितलं गेलं. सिकंदराबादहून आसिफाबाद रोड स्टेशनापर्यंत ते मला मांडीवर घेऊन बसले. शेजारच्या गृहस्थानं खोका वर ठेवा म्हटलं, तर म्हणाले, विमानातून आलेला पाहुणा आहे, फळीवर कसा बसवू?

घरी पोचलो आणि दारातच अडलो. या मुलखात नवी वस्तू हळद-कुंकवाशिवाय उंबरा ओलांडत नाही, मग ती बैलजोडी असो की शिलाई मशीन. आणि पूजा करायची तर खोका उघडायला नको? सुधाकररावांची आई जयवंताबाई म्हणाली, खोक्याले कुंकू लावून का होते, तोंड दाखव त्याचं. कंपनीचा हुकूम तिथंच उंबऱ्यावर राहिला. सुधाकररावांची बायको विमलबाई ताट घेऊन आली. कडेवर लहानगी रेणू होती. विमलबाईनं पाण्यात कालवलेलं कुंकू मला लावलं. वर, पुढे, आणि मग कुशीला. तिचं बोट नेमकं त्या सरकत्या बटणावर टेकलं. बटण सरकलं, ओलं कुंकू फटीत शिरलं आणि सकाळपर्यंत सुकून दगड झालं. ते बटण त्यानंतर कधीच मागं आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सुधाकररावांनी आतल्या खोलीत माझी लाल कळ दाबली आणि दसऱ्याला गावकऱ्यांपुढे काय बोलायचं त्याची तालीम सुरू केली. ते घसा खाकरून "मंडळी" म्हणाले की विमलबाई पदर तोंडाला लावून हसायची. थोड्या वेळानं दोघं गप्प झाले, तशी माझी चाकं थांबली. सुधाकररावांना वाटलं मी बिघडलो. त्यांचा चेहरा एवढासा झाला. उद्या दुकानात नेऊन उघडून पाहतो म्हणाले, आणि मला तसंच, कळ दाबलेलीच, कोनाड्यात ठेवून दिलं. जयवंताबाईनं वरून मोराचं कापड घातलं. माझा लाल दिवा त्याखाली झाकला गेला.

तो उद्या आलाच नाही. त्या रात्रीपासून सुधाकररावांना हिव भरलं. भादव्याच्या दिवसांत आमच्या या जंगलकाठच्या गावांना तापाचं नवल नसतं, पण हा ताप उतरेना. माझ्या कोनाड्यासमोरच त्यांचं अंथरूण होतं. बहुतेक वेळ ते ग्लानीत पडून असायचे आणि मीही झोपलेला असायचो. एका दुपारी त्यांनी डोळे उघडले आणि विचारलं, "विमल, मी वाचीन ना?"

मी ते टिपलं. विमलबाईनं फक्त त्यांच्या कपाळावरची ओली पट्टी बदलली. मग ते झोपले आणि मीही. उन्हं कलली तेव्हा गल्लीतून कासारीण गेली. बांगड्या भरतेस का, असं तिनं लांबूनच विचारलं. तिचा आवाज पट्टीवर उमटण्याइतका जवळ नव्हता. खोलीच्या दारात उभ्या असलेल्या विमलबाईनं तिला सांगितलं, "नाही. आता पुरे झालं." आणि बाहेरून पळत आलेली रेणू मांजराच्या पिल्लामागं खिदळली.

दुसऱ्या दिवशी सुधाकररावांना ग्लानीतच, कोणी शब्द न काढता, उचलून बैलगाडीत घालून आसिफाबादच्या दवाखान्यात नेलं. ते परत आले तेव्हा त्यांच्यावर पांढरं कापड होतं. रडणं सगळं बाहेर अंगणात झालं. आत कोनाड्यात मला फक्त त्याचा घुमारा ऐकू येत होता.

या बाजूला एक रीत आहे. माणूस गेला की त्याच्या निजण्याच्या जागी पीठ पसरतात, शेजारी दिवा लावतात, वर बांबूचं डालगं पालथं घालतात आणि खोली बंद करतात. हे सगळं मुक्यानं करायचं, आणि सकाळी पिठात काय उमटलं ते पाहायचं. पाखराचा पाय, मुंगीची वाट, काहीतरी असतं. त्यावरून जीव कुठल्या जन्माला गेला ते कळतं, असं मानतात. दिवसकार्याच्या आदल्या संध्याकाळी ती खोली बंद झाली. आत दिवा, पीठ आणि मी.

मित्रांनो, मी आवाज झाल्याशिवाय जागा होत नाही. तो माझा धर्मच नाही. त्या बंद खोलीत मी एकदा जागा झालो.

सकाळी सुधाकररावांचे थोरले भाऊ मारोतराव यांनी डालगं उचललं. पीठ जसंच्या तसं होतं. त्यावर रेघसुद्धा नव्हती. जयवंताबाई मटकन खाली बसली. जीव गेला नाही, इथंच अडकून आहे, असा त्याचा अर्थ. मन थोडं शांत व्हावं म्हणून मारोतरावांनी मला पुढ्यात ओढलं. भावानं लावलेलं एखादं भजन आत असेल असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी पट्टी थोडी मागं फिरवली आणि कळ दाबली.

"विमल, मी वाचीन ना?"

"नाही. आता पुरे झालं."

आणि लगेच ते खिदळणं.

मेलेल्या माणसाचा आवाज, त्यावर त्याच्या बायकोचं ते उत्तर आणि मग हसू. यानंतर पट्टीवर एक लांब, ओढलेला श्वास होता, आणि मग काही नाही. मारोतरावांनी मला बंद करायला म्हणून घाबरून दोन-तीन कळा एकदम दाबल्या. लाल कळ पुन्हा खाली बसली. ते दारात उभ्या असलेल्या विमलबाईकडे पाहत राहिले. ते वाईट नव्हते. पोटच्या पोरासारखा वाढवलेला भाऊ गेला होता आणि आता त्यांना भीतीनं गाठलं होतं. भ्यालेल्या माणसाच्या हातून जे होतं ते वाईट माणसाच्या हातूनही होत नाही.

दुपारपर्यंत गावात एकच शब्द फिरला. भानामती. तो शब्द आमच्या भागात कोणी मोठ्यानं बोलत नाही. तो ज्या बाईच्या दाराला चिकटला, तिला गावात पाणी मिळणं मुश्कील होतं. मारोतरावांनी ठरवलं की विमलबाईनं संध्याकाळच्या बसनं माहेरी निघून जायचं आणि रेणू इथंच राहायची. अशा हाताखाली पोरगी ठेवायची नाही.

विमलबाईनं हातापाया पडून सांगायला हवं होतं की मी असं म्हटलंच नाही. पण ती मला उराशी धरून कोपऱ्यात बसली होती आणि स्वतःशीच पुटपुटत होती, "आवाज तं मायाच होय. काऊन म्हटलं असन मी असं?" त्या तापाच्या दिवसांत तिला ना झोप होती ना जेवण. कोणाला काय बोललो, कधी बोललो, तिला काहीच आठवत नव्हतं. तिला स्वतःचीच भीती वाटू लागली होती. रेणू जवळ आली की ती हात मागं घेत होती. मित्रांनो, त्या दिवशी मला तोंड असतं तर, असं मला आजही वाटतं. पण माझं तोंड म्हणजे दुसऱ्याचंच बोलणं.

दिवस कलायच्या आत दादाजी नावाच्या भगताला बोलावलं. मला कापडासकट अंगणात पाटावर ठेवलं, भोवती राखेचं रिंगण काढलं, वर लिंबू ठेवलं. विमलबाईला समोर बसवलं. दादाजीनं डोळे मिटून विचारलं, "सुधाकर, सांग बापा, तुले कोनं नेलं?" मग त्यानं हुकूम सोडला, पाटावरच्या लिंबाची सावली भिंतीला लागेपर्यंत कोणी हूं की चूं करायचं नाही. तोवर जीव उत्तर देईल, आणि हे यंत्र ते धरून ठेवील.

सगळे गप्प बसले. सावली हळूहळू सरकत होती. मी झोपलो.

तेवढ्यात गल्लीतून हाक आली, "मारोतराव! ओ मारोतराव!" शाळेतले भिवाजी मास्तर विचारपूस करायला आले होते. कोणीतरी त्यांना हातानंच गप्प केलं आणि ते दाराबाहेरच थबकले. सावली भिंतीला लागली. दादाजीनं मान हलवली. मारोतरावांनी पट्टी मागं फिरवली आणि कळ दाबली.

"सुधाकर, सांग बापा, तुले कोनं नेलं?"

"मारोतराव! ओ मारोतराव!"

कापडाआडून टिपलेला तो आवाज बारीक, लांबचा, विहिरीतून आल्यासारखा होता. मारोतरावांचा चेहरा राखेसारखा झाला. बायका मागं सरकल्या. दादाजीनं लिंबाला हात घातला आणि परत घेतला. जिथं क्षणापूर्वी सगळे विमलबाईकडे पाहत होते, तिथं आता सगळे मारोतरावांकडे पाहू लागले. त्यांनी नुसती मान हलवली, नाही, नाही. आपण केलेलं नसताना आपलंच नाव निघतं तेव्हा कसं वाटतं, ते त्यांना तेव्हा कळलं असणार.

आणि विमलबाईनं मान वर केली. आता ती मारोतरावांकडे नाही, भिंतीवरच्या सावलीकडे पाहत होती.

"थे तं मास्तरची हाक होय," ती हळूच म्हणाली. "अन् इचारल्यावर किती वेळ गेला. सावली कुठून कुठं आली. थो वेळ ह्याच्यात कुठं हाय?"

दारातून भिवाजी मास्तर ओशाळून म्हणाले की हो, हाक मीच मारली. पण कोणाचा विश्वास बसेना. तेव्हा जयवंताबाई उठली. ती म्हातारी अडाणी होती, पण लेक गेल्यावर तिला आता कशाचीच भीती उरली नव्हती. तिनं विमलबाईला लाल कळ दाबायला सांगितलं, माझ्याजवळ तोंड आणलं आणि हाक मारली, "सुधाकर." मग ती थांबली. ती इतका वेळ थांबली की बायका डोळे पुसू लागल्या. खरंच उत्तराची वाट पाहत होती की काय कोण जाणे. शेवटी तिनं स्वतःच म्हटलं, "बोल ना, बापा."

पट्टी फिरवली. मी ऐकवलं, "सुधाकर बोल ना, बापा." मध्ये श्वासाएवढीही जागा नव्हती.

जयवंताबाई सुनेजवळ बसली आणि तापातल्या त्या दुपारी दारावरून कोण कोण गेलं ते एकेक करून आठवू लागली. कासारीण निघाली. मांजराचं पिल्लू निघालं. विमलबाई रडायला लागली ती तेव्हा, दिवसभरात पहिल्यांदा. जयवंताबाईनं मारोतरावांना एवढंच सांगितलं की पोरगी तिच्या मायपाशी राहीन, आणि माय या घरात राहीन. दादाजी लिंबू तिथंच सोडून निघून गेला. कोऱ्या पिठाचा विषयही पुढं कोणी काढला नाही. म्हणे खोलीच इतकी घट्ट बंद होती की मुंगीही शिरली नसेल. सगळ्याचा उलगडा झाला. त्या श्वासाबद्दल मात्र कोणी विचारलं नाही, आणि मीही तो अजून कोणाला समजावू शकलेलो नाही.

दसरा जवळ आला. मागून येणारा माल ट्रकनं दारात उतरला, माहितीपुस्तिकांसकट. त्या इंग्रजीत होत्या, त्यामुळे त्यांच्यावाचून कोणाचंच काही अडलं नव्हतं. मारोतराव आता विमलबाईशी मान खाली घालून वागत. पण दुकान उघडायचं कोणी? माल परत पाठवावा, असं ते म्हणाले. नव्या कामाचा पडदा, सणाचा दिवस, आणि घरात कपाळ पुसलेली बाई. लोक काय म्हणतील ते त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण ते सगळ्यांना ऐकू आलं.

त्या दुपारी विमलबाईनं मला खोलीत नेलं. तिला नवऱ्याचा आवाज ऐकायचा होता, तापातला नाही, आधीचा. तिनं पट्टी पार सुरुवातीपर्यंत फिरवली. पण डोळ्यांत पाणी होतं, आणि तिनं कळ दाबली ती लाल कळेसकट. माझ्यातून काहीच आवाज येईना, तेव्हा तिनं मोराच्या कापडावर डोकं टेकलं आणि विचारलं, "मी का करू आता?"

मग तिला चूक कळली. तिनं घाईनं मला थांबवलं. त्यांच्या तालमीचे पहिले शब्द, ते खाकरून म्हटलेलं "मंडळी", तिच्या प्रश्नाखाली कायमचे गेले होते. तिनं पट्टी मागं घेतली आणि ऐकलं.

"मी का करू आता?"

"दसऱ्याले दुकान उघडू. अन् पडदा तूच ओढजो, विमल. तुया हातचं चांगलं राह्यते."

मी तिच्याकडे पाहत होतो. हे कसं झालं ते तिला आता साऱ्या गावात सगळ्यांत चांगलं ठाऊक होतं. प्रश्न आजचा होता आणि उत्तर ताप यायच्या आधीचं. मधली सगळी शांतता, सगळं मरण, मी गिळून टाकलं होतं. तरी तिनं पदर सावरला, जसा ती त्यांच्यापुढे सावरायची, आणि माझ्याकडे पाहून हळूच म्हणाली, "बरं."

दसऱ्याच्या सकाळी दुकानासमोर माणसं जमली खरी, पण पायरीवर कोणी चढेना. सगळ्यांच्या आधी जयवंताबाई चढली. मग रेणूला घेऊन मारोतराव चढले. विमलबाई कोऱ्या कपाळानं पुढे आली आणि तिनं पडदा ओढला. रांगेत नव्या, चकचकीत टेपांच्या मध्ये मी होतो. दिवसभर गाव आपापलेच आवाज ऐकून हसत होतं.

त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. माझ्यामागून रंगीत टीव्ही आले, चकत्यांवरची गाणी आली. दुकान वाढलं. रेणू बासरला सरस्वतीच्या देवळात पाटीपूजन करून शाळेत गेली आणि आता हिशेबाला बसते. नव्या वस्तू आल्या की विमलबाईच त्यांचं खोकं उघडते, पण कुंकू मात्र रेणूच्या हातानं लावून घेते, आणि बटणं सोडून लावायला सांगते. कधी दुपारी दुकानात कोणी नसलं की ती माझ्या कुशीवरून बोट फिरवते.

मित्रांनो, कोणी तुम्हाला कोणाचं बोलणं ऐकवलं, तर निवाडा करण्याआधी एवढं विचारा की दोन वाक्यांच्या मध्ये किती वेळ गेला होता. माणसं त्या मधल्या वेळात राहतात. आणि जुन्या वस्तूंची थोडी कदर करा. माझ्यावर गरम पेला ठेवू नका, महिन्यातून एकदा धूळ पुसा. फक्त पुसताना कुशीचं ते बटण जपा. तिथल्या फटीत तांबडं काहीतरी दिसेल, मळ वाटेल, नखानं खरवडावंसं वाटेल. ते तसंच राहू द्या. विमलबाईचं तेवढंच कुंकू उरलं आहे.